डमी कॅमेरा

नाशिक,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुध्या,

जुलैपासून तुला लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर आपलं जे झालं ते फोनवर मिटण्यातलं नव्हतं, आणि व्हॉट्सॲपवर तुझ्याशी भांडणार नाही असं मंगलला कबूल करून बसलोय. म्हणून हा जुना मार्ग. दुकानातल्या कोटेशनच्या पॅडवर लिहितोय, वरच्या जीएसटी नंबरकडे लक्ष देऊ नकोस.

तू म्हणालास, "मग बॉम्ब कुणी ठेवले? मी ठेवले?" आणि फोन आपटलास. मोबाइल आपटता येत नाही म्हणतात, पण तू आपटलास.

त्या दिवशीच बातमी आली होती. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. मी तुला फोन केला तो खरं तर विचारपूस करायला. तू कसा आहेस, एवढंच विचारायचं होतं. पण तू म्हणालास की सरकारने आणखी कडक कायदे करायला हवेत, असल्यांना कोर्टात न्यायचंच कशाला. मी म्हणालो, कडक कायद्यानेच तर ही पाळी आणली. मग पुढचं तुला माहीत आहे.

सुध्या, तुझी भीती खोटी असं मी म्हणालो नाही. मी कसा म्हणेन? तू मागच्या गाडीत होतास. अकरा मिनिटांत सात स्फोट, आणि तुझी गाडी दादर सोडून अंधारात उभी. फोन लागत नव्हते. मंगल इथून लँडलाइनवर सारखी फिरवत होती आणि दर वेळी तीच बाई सांगायची, या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. रात्री एक वाजून गेल्यावर तुझा फोन आला, "पोचलो रे." रुळांवरून चाललास, मग रस्त्याने, कुणीतरी बिस्किटचा पुडा हातात ठेवला, एका रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. त्यानंतर वर्षभर तू फर्स्ट क्लासचा पास काढला नाहीस, कारण स्फोट फर्स्ट क्लासच्या डब्यांत झाले होते. बँकेतला ऑफिसर सेकंडला लोंबकळत जायचा. वहिनींनी हे मला नंतर सांगितलं, तू कधीच नाही.

म्हणजे भीती खरी. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ते नीट सांगता यावं म्हणून आधी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो.

आपलं दुकान पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं होतं. २६/११ नंतर नाशकात एकाएकी कॅमेऱ्यांना मागणी आली. सराफ बाजार, मेन रोड, शालिमार, जो येईल तो कॅमेरा मागायचा. मी कॅटलॉग काढायचो, बुलेट, डोम, चार चॅनेलचा डीव्हीआर, हार्ड डिस्क, केबल, फिटिंग. आकडा ऐकला की गिऱ्हाईक म्हणायचं, स्वस्तातलं काही? मग मी काउंटरखालून डमी काढायचो. हुबेहूब कॅमेरा. आत पोकळ. दोन पेन्सिल सेल आणि एक लाल दिवा, लुक लुक करणारा. त्या वर्षी मी खऱ्यापेक्षा डमी जास्त विकले. खोटं का बोलू, वरच्या मजल्याचं बांधकाम त्यातूनच निघालं.

गंमत पुढे आहे. ज्यांनी खरे कॅमेरे घेतले त्यांच्या तक्रारी यायला लागल्या. "दिलीपशेठ, शेजारच्याचा लाल दिवा लागतो, आमचा का लागत नाही?" अरे, खऱ्या कॅमेऱ्याला असला लुकलुकता दिवा नसतोच. किती समजावलं तरी पटेना. शेवटी एका पेढीच्या मालकाने खऱ्या कॅमेऱ्याशेजारी डमी लावून घेतला, तेव्हा त्याचं समाधान झालं. आणि चोरी झालीच कधी, की डीव्हीआर उघडून बघावं तर हार्ड डिस्क आठ महिन्यांपूर्वीच गेलेली. आठ महिन्यांत कुणी एकदा बघितलेलंसुद्धा नसतं. दिवा लागत होता ना, झालं तर.

सरकारांचं मला असंच दिसतं. स्फोट झाला की लोक दोन प्रश्न विचारतात. हे कुणी केलं? आणि तुमच्या नाकाखाली झालंच कसं? दुसरा प्रश्न खुर्चीला लागतो. म्हणून पहिल्याचं उत्तर झटपट आणि दणदणीत द्यायचं. पत्रकार परिषद, बुरखे घातलेली माणसं, टेबलावर मांडलेला माल. उत्तर बरोबर आहे की नाही ते पंधरा-वीस वर्षांनी कोर्ट सांगणार, आणि तोवर त्या खुर्चीवर चौथा माणूस बसलेला असतो.

अमेरिकेने तर हा लाल दिवा अक्षरशः बसवला होता. २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ च्या मार्चमध्ये, त्यांनी धोक्याचे पाच रंग ठरवले. हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, लाल. २०११ मध्ये ती पद्धत बंद केली. मधल्या नऊ वर्षांत रंग एकदाही हिरव्यावर किंवा निळ्यावर आला नाही. सामान्य माणसाने नारिंगीला काय करायचं आणि पिवळ्याला काय, हे कुणी सांगितलं नाही. नुसतं घाबरून राहायचं. त्यांच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचा पहिला मंत्री टॉम रिज याने पुढे लिहिलं की २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर रंग वाढवावा असा सहकाऱ्यांचा आग्रह झाला, आणि हे सुरक्षेसाठी की राजकारणासाठी असा त्यालाही प्रश्न पडला. हल्ल्याआधी बुशच्या बाजूने निम्मेच लोक होते, हल्ल्यानंतर गॅलपच्या पाहणीत नव्वद टक्के झाले. एवढी चव एकदा जिभेला लागली की कोण सोडतो? त्याच लाटेवर ते इराकमध्ये शिरले. ज्या संहारक अस्त्रांची भीती घातली होती ती तिथे सापडलीच नाहीत.

राईशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या आगीचं उदाहरण मी देणार नाही. ते तू एचपीटी कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत इतक्या वेळा दिलंस की मला तारखांसकट पाठ आहे. २७ फेब्रुवारी १९३३ ला आग, दुसऱ्या दिवशी हिटलरच्या सरकारने नागरी हक्क गुंडाळले, ५ मार्चला निवडणूक. तेव्हा टाळ्या घेणारा तूच होतास लेका, म्हणून आता तुझ्याकडून "कोर्टात न्यायचंच कशाला" हे ऐकलं आणि माझ्या पोटात ढवळलं.

तू म्हणशील, हा एका पक्षावर घसरणार. नाही घसरत. १९८४ आठवतं? इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती जाहिरात, देशाची सीमा तुमच्या दाराशी येऊन ठेपेल का, असं विचारणारी. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. आपण दोघांनी आयुष्यातलं पहिलं मत त्या वेळी दिलं आणि दोघांनीही घाबरूनच दिलं. पुढच्या वर्षी दहशतवादाविरुद्धचा टाडा कायदा आला. पंजाबसाठी म्हणून आणला, दोन वर्षांसाठी म्हणून आणला, दहा वर्षं चालला. ७६ हजारांच्या आसपास माणसं आत गेली, शिक्षा दोन टक्क्यांनाही झाली नाही. गुजरातेत तेव्हा दहशतवाद औषधालाही नव्हता, तिथे १९ हजारांवर लोक टाडाखाली धरले. मग २००२ मध्ये पोटा, त्यासाठी संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलावलं. २००४ मध्ये पोटा रद्द केला म्हणून आपण पेढे वाटायला निघालो, तर त्यातली बरीच कलमं यूएपीए या दुसऱ्या कायद्यात जाऊन बसली होती. २६/११ नंतर महिन्याच्या आत तो आणखी कडक केला, जामीन जवळजवळ अशक्य. २०१९ मध्ये आणखी, आता संघटनाच काय, एकट्या माणसालाही सरकार दहशतवादी जाहीर करू शकतं. पक्ष बदलले, पण एकानेही दुसऱ्याचं हत्यार गोदावरीत सोडलं नाही. धार लावून पुढच्याच्या हातात दिलं. २०१६ ते २०२० या पाच वर्षांत यूएपीएखाली २४ हजारांहून जास्त आरोपी झाले, शिक्षा झाली २१२ जणांना. हा आकडा सरकारनेच संसदेत दिलाय.

आणि २०१९ ची औशाची सभा तर तू टीव्हीवर पाहिली होतीस, मला फोन करून सांगितलंस. पुलवामात ४० जवान गेले होते. पंतप्रधानांनी लातूर जिल्ह्यात येऊन पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना विचारलं की तुमचं मत पुलवामाच्या शहिदांना आणि बालाकोटच्या वीरांना वाहाल का. तुझा डोळा भरून आला होता. माझाही आला असता. पण एवढी स्फोटकं भरलेली गाडी जवानांच्या ताफ्यापर्यंत पोचलीच कशी, हा दुसरा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला का?

मी रोज सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला जातो. डॉक्टरने शुगरसाठी पाच फेऱ्या सांगितल्यात, मी तीन मारतो आणि चहाला बसतो. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिसऱ्या फेरीला दम लागला की मी त्या पाटीशी थांबतो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून ठेवलेला. कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडित म्हणायचे. कान्हेरे अठरा वर्षांचा. चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात फाशी, त्याच्याबरोबर कर्वे आणि देशपांडे.

आपल्याला शाळेत इथवरच शिकवलं. पुढे साहेबाने काय केलं ते फारसं नाही. १९१० च्या फेब्रुवारीत छापखान्यांचा कायदा आला, छापखाना काढायचा तर अनामत भरा, सरकारला लिखाण खटकलं की ती जप्त. खुनाशी काडीचा संबंध नसलेले संपादक त्यात भरडले. नंतर रौलटची समिती बसली. तिच्या अहवालाची सुरुवात आपल्याच मुलखापासून आहे, चापेकर, पुणे, मग नाशिक. महायुद्ध संपलं, युद्धकाळातले कायदे संपणार होते, सरकारला ते हातचे जाऊ द्यायचे नव्हते. मग काय, १९१९ चा रौलट कायदा. ना वकील, ना अपील, ना दलील. त्याचा निषेध करायला निघालेल्या पंजाबात जालियनवाला झाला. म्हणजे आपल्या गावच्या एका गोळीबाराचं भांडवल साहेबाने दहा वर्षं पुरवून पुरवून वापरलं. त्याच्या कागदात कान्हेरे खुनी कटातला, आपल्या पाटीवर हुतात्मा. मी इथे कोण बरोबर ते ठरवायला बसलेलो नाही, माझी तेवढी पोचही नाही. पण कुणाला काय म्हणायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीचं सगळं आपसूक येतं, एवढं त्या पाटीखाली घाम पुसताना कळतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

तुला सलीम आठवतो? माझ्याकडे होता, मालेगावचा, उंच, शिडी न घेता स्टुलावरूनच छताला पोचायचा. २००४ पासून माझ्याकडे. त्याच्या हाताचं वायरिंग भिंतीवर ओळंब्याने रेघ मारल्यासारखं. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी नमाजाला आणि फातेहा पढायला आलेली. सलीमचा चुलता त्यात जखमी. तो आठ दिवस गावी गेला. परत आला तोवर मेलेल्यांच्याच समाजावर संशय घेणं सुरू झालेलं, पुढे त्यांच्यातल्याच नऊ जणांना पकडलं, आणि गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. "दिलीपशेठ, काम करायला पोरगा पाठवाल तो... समजलं ना?" मला समजलं. महिनाभर मी त्याला दुकानातच बसवून ठेवलं. मग एक दिवस पगाराचं पाकीट दिलं आणि म्हणालो, सध्या मंदी आहे रे. दिवाळी जवळ आलेली, मंदी कसली? तो काही बोलला नाही. त्याचा टेस्टर काउंटरवर राहिला होता तो उचलून मी मागे धावलो आणि दिला. हा माझा मोठेपणा!

मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "बरं केलंस." मला बरं वाटलं तुझ्या बोलण्याने.

ते नऊ जण पाच वर्षं आत होते. २०११ मध्ये जामीन, २०१६ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने आरोपातून मुक्त केलं. पेपरात बातमी आतल्या पानावर. सलीमला कुणी पकडलं नव्हतं, त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता. त्याला शिक्षा मी दिली. म्हणजे सरकारला घरोघर पोलीस पाठवायची गरजच पडत नाही रे. भीतीचा दिवा एकदा लावून दिला की पुढचं काम आपण दुकानदार, घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी फुकट करतो.

म्हणून तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. बॉम्ब कुणी ठेवले? मला माहीत नाही. तुलाही नाही. आणि चीड कशाची यायला हवी, तर एकोणीस वर्षांनंतरही आपल्याला माहीत नाही याची. जुलैत दहा दिवसांत दोन निकाल आले. २१ ला तुझ्या लोकलचा, ३१ ला २००८ च्या मालेगाव स्फोटाचा, सहा मेले होते त्यातला. दोन्हीकडे सगळे सुटले. एका खटल्यात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू. पहिल्याविरुद्ध सरकार लगोलग सुप्रीम कोर्टात गेलं, दुसऱ्याविरुद्ध मेलेल्यांच्या नातेवाइकांनाच हायकोर्टाचे जिने चढावे लागले. तुझ्या भीतीवर किती निवडणुका झाल्या, किती कायदे झाले, कितीजणांना झेड सुरक्षा मिळाली, आणि तुला काय मिळालं? पक्का गुन्हेगारसुद्धा नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरायची मुभा मोक्का कायद्याने दिली. एकदा ती सोय हाताशी असली की खरा तपास करायचे कष्ट कोण घेतो? हार्ड डिस्क कोण तपासतो?

लोक नेहमी फसतातच असंही नाही, हे मात्र तुला सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील दिल्या म्हातारपणी रडका झाला. स्पेनमध्ये ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले. तुझ्यासारखेच कामावर निघालेले लोक, १९० हून जास्त मेले. निवडणूक तीन दिवसांवर. सरकारने लगेच बास्क फुटीरतावाद्यांकडे बोट दाखवलं, कारण जिहाद्यांनी केलं म्हटलं असतं तर इराक युद्धात उडी घेतल्याचा जाब द्यावा लागला असता. पुरावे वेगळीच दिशा दाखवत होते तरी तेच रेटत राहिले. निवडणुकीच्या आदल्या रात्री लोक रस्त्यावर आले आणि ओरडायला लागले, खरं सांगा, कुणी केलं. दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. आपल्याकडेही २६/११ चालू असतानाच दिल्लीत मतदान होतं, विरोधकांनी पानभर जाहिराती देऊन भीती घातली, दिल्लीकरांनी तरी शीला दीक्षितांनाच निवडलं. आणि मुख्यमंत्री विलासरावांना, गृहमंत्री आबांना तेव्हा खुर्च्या सोडाव्या लागल्या. दुसरा प्रश्न तेव्हा विचारला जायचा. आता विचारणाऱ्यालाच विचारतात, तू कुणाच्या बाजूचा? तू मला फोनवर तेच विचारलंस. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसून सोडलं असतं.

इथे सगळीकडे २०२७ च्या सिंहस्थाची धांदल आहे. रस्ते उकरलेत, पंचवटीत गाडी घालायची सोय नाही. पाऊस जाता जात नाही. घाटांवर, चौकांत कॅमेरे लागणार आहेत, मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली तिसऱ्या-चौथ्या पायरीवर माझ्यासारख्यांना काम मिळेल. एवढ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून कॅमेरे हवेतच, २००३ ला इथे काय झालं ते आपण विसरलेलो नाही. पण परवा मीटिंगला गेलो तर गर्दीबद्दल कुणी फार बोलेना, सगळा भर घातपातावर. चेहरे ओळखणारे कॅमेरे, ड्रोन. कुंभ संपल्यावर ते चेहरे कुठे जाणार, असं मी विचारलं. शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. बसलो गप्प. कोटेशन उद्या द्यायचंय.

गेल्या आठवड्यात मी सलीमचा नंबर मिळवला. भिवंडीत असतो, स्वतःचं छोटं दुकान आहे, दोन पोरी, मोठी बारावीला. मी नाव सांगितलं तर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "शेठ, तब्येत कशी आहे?" अजून शेठच म्हणतो. मी ते मंदीचं बोलायला गेलो, म्हणजे त्या दिवसाचं, पण त्याने बोलूच दिलं नाही. म्हणाला, जाऊ द्या. मग म्हणाला, गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढलीये, आठ कॅमेरे बसवायचेत. मी विचारलं, चोऱ्या होतात का? तो म्हणाला, "चोऱ्या नाही शेठ. उद्या पोरांना कुणी उचलून नेलं, तर ती त्या वेळी घरी होती याचं फुटेज पाहिजे ना."

आठ चॅनेलच्या डीव्हीआरचा भाव विचारत होता. मी खरेदीच्या भावात सांगितला, आणि हार्ड डिस्क चांगली मोठी घे म्हणालो, महिन्या-दोन महिन्यांचं राहील अशी.

वहिनींना नमस्कार. फोन कर, पण रविवारी, इतर दिवशी दुकानात गिऱ्हाईक असतं.

तुझा,
दिल्या